घरचा दवाखाना : चार पावलांची परीक्षा

पावसाळा लागला की निपाणीच्या काळ्या रानात आणि बेळगावकडच्या तांबड्या चिखलात पाय मुरगळण्याचे प्रसंग वाढतात. बांधावरून उतरताना पाऊल वळते, घोटा सुजतो आणि घरात दोन पक्ष पडतात. आजीबाई म्हणतात, तेल लावून चोळा. तरुण मंडळी म्हणतात, शहरात नेऊन ‘फोटो’ काढा. पहिला उपाय आम्हांस मुळीच मान्य नाही. मोडलेले हाड चोळल्याने सरकण्याचा संभव असतो. दुसऱ्यात गाडीभाडे व दिवसाची मजुरी जाते, आणि पुष्कळदा चित्रात काहीच निघत नाही.

फोटो कोणाचा काढावा, ह्याची एक सोपी कसोटी कॅनडातील ओटावा येथे डॉ. इयन स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडली. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागील कड, खालच्या टोकापासून सहा सेंटिमीटरपर्यंत, बोटाने दाबून पाहावयाची. पाऊल दुखत असेल तर आणखी दोन जागा : पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यभागी लागणारा उंचवटा, आणि आतील बाजूस कमानीवरचे होडीच्या आकाराचे हाड. नेमक्या हाडावर दुखले तर फोटो काढावा. इजा झाल्याबरोबर आणि तपासणीच्या वेळीही रोग्याला चार पावले टाकता आली नाहीत, तरीही काढावा. लंगडत टाकलेली पावलेसुद्धा चालतात! २००३ मध्ये २७ अभ्यासांतील १५,५८१ रोग्यांचा आढावा घेतला गेला. ह्या कसोटीतून अस्थिभंग क्वचितच निसटतो, व अनावश्यक फोटो तीस ते चाळीस टक्क्यांनी कमी व्हावेत, असे त्यात आढळले.

ही परीक्षा डॉक्टरांनीच घ्यावी असे नाही. अमेरिकेत कोलोराडो येथे लोरेटा फोर्ड व डॉ. हेन्री सिल्व्हर ह्यांनी १९६५ मध्ये ‘नर्स प्रॅक्टिशनर’, म्हणजे स्वतः तपासून निर्णय घेणारी परिचारिका, घडविण्यास आरंभ केला. इंग्लंडात शेफील्ड येथे किरकोळ इजांच्या १,४५३ रोग्यांवर प्रयोग झाला; त्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये छापला गेला. महत्त्वाच्या चुका परिचारिकांच्या हातून ९.२ टक्के, तर नवशिक्या डॉक्टरांच्या हातून १०.७ टक्के रोग्यांत झाल्या. फरक थोडाच, परंतु ‘सिस्टरला काय कळते?’ असे विचारणाऱ्यांस तो पुरेसा असावा.

आपल्या देशात अतिदक्षता विभागासाठी असा पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला आहे. खेड्यांतील आयुष्मान आरोग्य मंदिरांतही परिचर्या शिकलेल्या पुष्कळ भगिनी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करतात. त्यांस ही कसोटी पक्की शिकवावी, असे आम्हांस आग्रहाने वाटते. सीमाभागात सिस्टर कन्नड आणि रोगी मराठी, असेही घडते. पण बोट नेमक्या हाडावर पडले की चेहराच उत्तर देतो.

मात्र मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांस दाबलेले कळत नाही, आणि दारू प्यालेला मनुष्य मोडक्या पायावरही चालतो. लहान मुलांनाही ही कसोटी बेताने लावावी. ह्यांच्याबाबतीत, तसेच पाय वाकडा झाला असेल, हाड उघडे पडले असेल किंवा बोटे थंडगार लागत असतील, तर पावले मोजत बसू नये. थेट मोठ्या इस्पितळात न्यावे. इतरांनी पाय उशीवर उंच ठेवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा, आणि पाच-सात दिवसांत नीट चालता आले नाही तर पुन्हा दाखवावे.