मालक गेला, परवानगी अर्धवट राहिली, निस्तरायचे कोणी?



भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या घरांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच बाजूंनी आवाज उठतो. एक म्हणते पाडा, दुसरी म्हणते दंड भरून घ्या आणि सोडा. ज्या घरांची परवानगी रीतसर होती, बांधकामही बव्हंशी मंजूर नकाशाप्रमाणे झाले, पण परवानगी घेणारा शेवटचा अर्ज न करताच दूर झाला, त्यांच्याविषयी कोणीच बोलत नाही. बिल्डरची भागीदारी मोडते, पैसे संपतात, कधी मालकच दगावतो. मागे राहतात ते राहणारे.

आमचे घर वारसाने आलेले. मामांनी वरच्या मजल्याची परवानगी काढली होती. दोन खोल्या उभ्या राहिल्या, मग आजारपणात काम थांबले ते कायमचे. आता गळती काढण्यासाठी कर्ज हवे, तर बँकेच्या वकिलांना वरच्या मजल्याचा भोगवटा हवा. नगररचना विभाग म्हणतो, पूर्णत्वाच्या दाखल्यावर त्या वेळच्या आर्किटेक्टची सही आणा. ते कधीच निवृत्त होऊन गाव सोडून गेले. दुसरा आर्किटेक्ट नेमायचा तर पहिल्याचे ना-हरकत पत्र लागते. नवा अर्ज करायचा तर जुनी परवानगी आधी निकाली निघायला हवी, आणि ती निकाली काढण्याचा अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा हे खिडकीवर कोणालाही सांगता येत नाही.

हा एका कार्यालयाचा ढिसाळपणा असता तर पत्र लिहिले नसते. गोम कायद्यातच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 48 नुसार परवानगी एक वर्ष चालते, वर्षावर्षाने वाढवून घेता येते आणि त्या वाढीलाही मर्यादा आहे. मुदतीत जोत्यापर्यंत काम झाले नाही तर नव्याने अर्ज करावा लागतो. पण काम मध्येच थांबले तर कार्यालयाने स्वतःहून जागेवर जाऊन काय बांधले, काय राहिले याची नोंद करावी, असे त्या कलमात कुठेही नाही. विकास शुल्क भरून घेतले जाते, नकाशावर शिक्का बसतो, आणि पुढची सगळी जबाबदारी अर्जदाराची. अर्जदारच उरला नाही तर काय, याचे उत्तर नाही.

याची किंमत भरतो तो राहणारा. समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात मुंबईतले सदनिकाधारक 1997 मध्ये राहायला आले होते. भोगवटा नसल्यामुळे त्यांना 25 टक्के जादा मालमत्ता कर आणि 50 टक्के जादा पाणीपट्टी भरावी लागत होती. जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बिल्डरची सेवेतील त्रुटी आहे आणि ती रोज चालू राहणारी आहे, असे स्पष्ट केले. निकाल मोलाचा आहे, पण तो भरपाईचा रस्ता दाखवतो आणि त्यासाठी समोर कोणीतरी जिवंत, सापडणारा बिल्डर लागतो. डिसेंबर 2024 मध्ये त्याच न्यायालयाने पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहिल्याशिवाय बँकांनी इमारतीच्या तारणावर कर्ज देऊ नये, वीज-पाण्याची जोडणीही देऊ नये, असे निर्देश दिले. बेकायदा बांधकामाला चाप बसवण्यासाठी ते योग्यच आहेत. पण दाखला मिळवण्याची वाटच बंद असलेल्यांची त्यामुळे दुहेरी कोंडी झाली आहे.

अशी सोय केली तर चोरांचे फावेल, ही भीती मला मान्य आहे. वरळीच्या कॅम्पाकोला आवारात पाच मजल्यांच्या मंजुरीवर त्याहून कितीतरी उंच इमारती उठल्या, आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरच्या मजल्यांना संरक्षण नाकारले ते बरोबरच होते. माझी मागणी माफीची नाहीच. चटई क्षेत्र चोरले असेल, सामासिक अंतर खाल्ले असेल, तर नोटीस काढा. पण ते ठरवायला कोणीतरी टेप घेऊन जागेवर यावे लागते, आणि आज तेच घडत नाही.

बिल्डरवाचून अडलेले काम पुढे नेण्याची रीत आपल्या राज्याने एकदा स्वीकारलेली आहे. बिल्डर जमिनीचे अभिहस्तांतरण करत नव्हते, तेव्हा 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण आले. संस्था जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करते, बिल्डरला नोटीस जाते, तो आला नाही तरी आदेश होतो. जमिनीची मालकी या मार्गाने देता येते, तर एका मजल्याच्या पूर्णत्वाची तपासणी का नाही?

शासनाने कलम 48 ला जोड द्यावी. मुदत उलटून काम थांबलेले दिसले की ठरावीक काळात स्थळपाहणी बंधनकारक करावी. आजचा मालक, वारस किंवा संस्था यांना कोणत्याही नोंदणीकृत आर्किटेक्टमार्फत आणि संरचना अभियंत्याच्या दाखल्यासह अर्ज करता यावा. आधीच्या आर्किटेक्टला केवळ नोटीस पुरावी. नकाशाप्रमाणे झालेल्या भागाला अंशतः भोगवटा द्यावा, न झालेल्या भागाची परवानगी लेखी रद्द करावी, आणि बिल्डरकडची थकबाकी त्याच्याकडूनच वसूल करावी. जुन्या मंजूर नकाशांची प्रत मिळण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागू नये, हेही त्यातच आले. पावसाळी अधिवेशनात एखाद्या आमदाराने हा प्रश्न मांडावा, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

— एक घरमालक