आशाताईंचा सत्कार झाला, मोबदल्याचे काय?

रात्री दोन वाजता घरातल्या सुनेला कळा सुरू झाल्या, तर वाचकहो, तुम्ही पहिली हाक कोणाला मारता? सरपंचाला नाही, तलाठी भाऊसाहेबांना नाही आणि सभापतींना तर नाहीच नाही. तुम्ही आशाताईची कडी वाजवता. ती उठते, १०२ किंवा १०८ ला फोन लावते, बाळंतिणीबरोबर गाडीत बसते आणि दवाखान्यात दाखल करूनच थांबते. पण हीच आशाताई सरकारी कागदावर कोण आहे, हे कधी विचारले आहे का? ती कर्मचारी नाही, ती ‘स्वयंसेविका’ आहे. तिला पगार नाही, ‘मोबदला’ आहे. या दोन शब्दांत सारी गोम आहे.

गेल्या काही वर्षांत आशाताईंचे कौतुक कमी झाले असे कोणी म्हणणार नाही. मार्च २०२० मध्ये आपण साऱ्यांनी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या-थाळ्या वाजवल्या. मे महिन्यात हवाई दलाने रुग्णालयांवर फुले उधळली. पुढे २२ मे २०२२ रोजी जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य संघटनेने सहा मानकऱ्यांना ‘ग्लोबल हेल्थ लीडर्स’ पुरस्कार जाहीर केला. त्यात भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा एकत्रित गौरव झाला. गावोगावी शाल-श्रीफळ देण्यात आले, फोटो निघाले, प्रशस्तिपत्रे भिंतीवर लागली. चांगलेच झाले. ज्या बाईला उंबऱ्याबाहेर पडताना सासरी चार बोल ऐकावे लागले, तिला चारचौघांत मान मिळाला याचे मोल कमी नाही. परंतु प्रशस्तिपत्र दाखवून किराणा दुकानदार उधारी मिटवत नाही.

काम किती, दाम किती

आशा योजना आली ती एप्रिल २००५ मध्ये, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, आदिवासी व डोंगरी भागात पाड्या-वस्तीला एक. ती गावातच राहणारी, शक्यतो गावची सून असावी, म्हणजे ती गाव सोडून जाणार नाही, असा विचार त्यामागे होता. तिने दिवसाचे काही तास आपले घरदार सांभाळून हे काम करावे, गरोदर बायकांची नोंद ठेवावी, लसीकरणाला मुले जमवावीत आणि केलेल्या कामाप्रमाणे मोबदला घ्यावा, अशी ही रचना होती.

आज ते ‘काही तास’ कुठल्या कुठे गेले. क्षयरोगाचे रुग्ण शोधा, त्यांच्या गोळ्या चालू ठेवा, कुष्ठरोगासाठी घरोघर फिरा, बी.पी.-शुगरसाठी तीस वर्षांवरील माणसांचे अर्ज भरा, आयुष्मान कार्डासाठी लोकांना गाठा, शिवाय सारी माहिती मोबाईलवर चढवा. नवी मोहीम वरून निघते, जिल्ह्याला येते, तालुक्याला येते आणि शेवटी आशाताईच्या पिशवीत येऊन पडते. तिच्याखाली दुसरे कोणी नाही, म्हणून तिला ते पुढे ढकलताही येत नाही.

एकाच कामाचा हिशेब करून बघा. बाळ दवाखान्यात जन्मले, तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे. बाळाचे वजन घ्यायचे, ताप बघायचा, श्वास मोजायचे, नाळ तपासायची, आई बाळाला नीट पाजते का ते पाहायचे. या सहा भेटींचे मिळून २५० रुपये ठरलेले आहेत. म्हणजे एका भेटीला सुमारे ४२ रुपये. शेतात खुरपायला गेलेल्या बाईची निम्म्या दिवसाची मजुरी याहून जास्त होते. आणि हे पैसेदेखील भेट दिली की हातात पडत नाहीत. भेटी पूर्ण होऊन नोंदी लागल्यावर मागणीपत्रक भरायचे. ते गटप्रवर्तक तपासणार, आरोग्य केंद्रात सही होणार, तालुक्याला जाणार आणि निधी आलेला असेल तर पैसे बँकेत जमा होणार. निधी आला नसेल तर? तर थांबायचे. बाळ मात्र थांबत नाही, त्याचा सातवा दिवस सातव्याच दिवशी येतो.

ही विद्या आपल्याच मातीतली

या घरभेटींचे महत्त्व कोणी परदेशातून येऊन आपल्याला शिकवलेले नाही. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले आणि त्यांच्या हातून गावे सुधारून दाखवली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात खेड्यातील बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले. त्या गावांत नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पुढे आशांच्या घरभेटी त्याच धर्तीवर देशभर सुरू झाल्या. म्हणजे गावातली बाई बाळ वाचवू शकते, हे महाराष्ट्राने जगाला दाखवले. त्याच महाराष्ट्रात या बाईला आपल्या मोबदल्यासाठी रस्त्यावर बसावे लागते, याला काय म्हणावे?

अलीकडचा इतिहास ताजा आहे. जून २०२१ मध्ये, कोरोना चालू असतानाच, राज्यातील आशा व गटप्रवर्तकांना संप करावा लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा संप झाला. नोव्हेंबरमध्ये दरमहा ७ हजार रुपये वाढीचे आश्वासन मिळाले आणि संप मागे घेतला गेला. परंतु शासन निर्णय काही निघेना. जानेवारी २०२४ मध्ये बायका परत संपावर गेल्या, मुंबईत आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्या. तेव्हा कुठे मार्चमध्ये राज्याच्या निधीतून दरमहा ५ हजार रुपये वाढीचा निर्णय झाला. केंद्रानेही नेहमीच्या कामांसाठीची ठरावीक रक्कम २०१८ मध्ये एक हजारावरून दोन हजार केली होती. ती ३,५०० करण्याचा निर्णय २०२५ मध्ये संसदेत सांगण्यात आला. दहा वर्षे काम करून बाहेर पडणाऱ्या आशेला २० हजारांऐवजी ५० हजार देण्याचेही ठरले. वाढ झाली हे मान्य करायलाच हवे. पण वीस वर्षे राबलेल्या बाईला ५० हजार म्हणजे एका वर्षाच्या सेवेचे अडीच हजार रुपये. पुढे म्हातारपणाला आधार कसला?

दुसरी बाजूही ऐकू

शासनदरबारी याचे उत्तर असे दिले जाते की, आशा ही गावाची आहे, कचेरीची नाही. तिला नोकर केले तर ती साहेबाच्या हुकमाची ताबेदार होईल, बदल्या-बढत्या येतील आणि गावाशी नाते तुटेल. शिवाय दहा लाख बायकांना वेतनश्रेणी द्यायची तर पैसा कोठून आणायचा? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण कामाचे हुकूम, मोहिमांच्या तारखा, रोजचे अहवाल आणि चुकले तर कानउघाडणी हे सगळे नोकरासारखे, आणि हक्काची वेळ आली की मात्र ‘तुम्ही स्वयंसेविका’, हे दोन्ही एकदम कसे चालेल? घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला एखादी बाई हौसेने महिनाभर येईल, वीस वर्षे येणार नाही.

२०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेत योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार मानावे, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस झाली होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. अंगणवाडीताई आणि आशाताई एकाच गल्लीत, एकाच मुलामागे धावतात. एकीला जो हक्क न्यायालयाने मान्य केला, तो दुसरीला का नसावा, हा प्रश्न आज ना उद्या सरकारला सोडवावाच लागेल.

गावाने काय करावे

हे सारे दिल्ली-मुंबईचे विषय, आपण काय करणार, असे म्हणून पान उलटू नका. चार गोष्टी जिल्ह्यात आणि गावात होण्यासारख्या आहेत.

पहिली, मोबदल्याची तारीख. रक्कम ठरवणे जिल्ह्याच्या हातात नसेल, पण मागणीपत्रक कोणत्या टेबलावर किती दिवस पडून राहते हे जिल्हा परिषदेला नक्की पाहता येते. दुसरी, हिशेबाची चिठ्ठी. कोणत्या कामाचे किती पैसे जमा झाले आणि कोणते का कापले, हे आशेला कागदावर कळले पाहिजे. बँकेत आलेल्या आकड्याकडे बघून तिने अंदाज बांधत का बसावे? तिसरी, दवाखान्यात जागा. मध्यरात्री बाळंतीण घेऊन आलेल्या आशेला पहाटेपर्यंत टेकायला एक बाकडे, एक खोली आणि स्वच्छ संडास हवा. याला फार पैसा लागत नाही, फक्त तिला आपले माणूस समजावे लागते.

चौथी गोष्ट सर्वस्वी तुमच्या हातात आहे. २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला ग्रामसभा भरतात. यंदा तिथे आशाताईला नारळ देण्याआधी तिला एक प्रश्न विचारा, ‘ताई, मोबदला कोणत्या महिन्यापर्यंतचा मिळाला?’ ती जे सांगेल ते ठरावात लिहा आणि तो ठराव तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे व जिल्हा परिषदेकडे पाठवा. एका गावाचा कागद बाजूला पडेल. पन्नास गावांचे पन्नास कागद एकाच महिन्यात गेले, तर साहेबांना फाईल उघडावी लागेल.

गरज सरो, वैद्य मरो ही म्हण आपल्याच पूर्वजांनी केली आहे, माणसाचा स्वभाव ओळखून. कोरोना सरला तशी टाळी थांबली. आता साथ नाही, पण दर आठवड्याला गावात कुठे ना कुठे पाळणा हलतो आहे आणि तिसऱ्या दिवशी आशाताई त्या घरी जाते आहे. दरम्यान वयस्क आशा थकत आहेत आणि शिकलेल्या सुना हे काम धरायला तयार नाहीत, कारण याहून दुकानात वा कारखान्यात महिन्याच्या महिन्याला पैसे तरी मिळतात. ही जागा रिकामी राहिली तर नुकसान सरकारचे कमी, आपले जास्त होईल. शाल जरूर द्या. पण त्याच ग्रामसभेत तो ठरावही करा.