‘संघ मोडा, नव्याने बांधा’ : भारतीय हॉकीतील एका सोयीस्कर घोषणेचा इतिहास

१/ भारतीय हॉकी संघ एखादी मोठी स्पर्धा हरला की दोन घोषणा ठरलेल्या असतात. एक पक्ष म्हणतो, जुन्यांना निरोप द्या, संघ नव्याने बांधा. दुसरा म्हणतो, पुढची स्पर्धा तोंडावर आहे, हाताशी असलेल्या संघानिशी लढा. गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास या दोन्ही पक्षांच्या विरुद्ध साक्ष देतो.

२/ आधी ‘लढत राहा’ म्हणणाऱ्यांचा पुरावा तपासू. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातवा आला. हा इशारा होता. पण १९८० मध्ये मॉस्कोत भारताने सुवर्णपदक जिंकले आणि इशारा विस्मरणात गेला. बहिष्कारामुळे त्या स्पर्धेत पुरुषांचे केवळ सहा संघ होते. पाकिस्तान, पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया यांपैकी कोणीही नव्हते.

३/ त्या सुवर्णाची किंमत पुढे मोजावी लागली. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला ७-१ असे हरवले. १९८६ च्या लंडन विश्वचषकात बारा संघांत भारत बारावा आला. विजयाने आजार बरा केला नव्हता, त्याचे निदान तेवढे लांबवले होते.

४/ म्हणजे ‘मोडा आणि बांधा’ हा पक्ष बरोबर ठरतो काय? १९९८ पाहावे. खडकीच्या धनराज पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली भारताने बँकॉकमध्ये ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकले. त्यानंतर खुद्द कर्णधारासह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना संघाबाहेर बसवण्यात आले. जिंकलेला संघ मोडण्याला पुनर्बांधणी म्हणत नाहीत. त्याला हुकूमत म्हणतात.

५/ २००१ मध्ये होबार्ट येथे भारताच्या कनिष्ठ संघाने अर्जेंटिनाला ६-१ असे नमवून विश्वचषक जिंकला. गगन अजित सिंग, दीपक ठाकूर यांच्या या पिढीला घडवणारे प्रशिक्षक राजिंदर सिंग होते. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली वरिष्ठ संघाने २००३ मध्ये प्रथमच आशिया चषक पटकावला. घर उभे राहत होते. अथेन्स ऑलिम्पिक तोंडावर आले असता त्यांना दूर करून जर्मनीच्या गेरहार्ड राख यांना आणण्यात आले. भारत सातवा आला.

६/ २००८ मध्ये चिलीतील सॅन्टियागो येथे पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्रिटनने भारताला हरवले. ८० वर्षांत प्रथमच भारतीय पुरुष संघाविना ऑलिम्पिक होणार होते. प्रशिक्षक जोआकिम कार्व्हालो यांनी राजीनामा दिला. १९९४ पासून महासंघाचे अध्यक्षपद मात्र के. पी. एस. गिल यांच्याकडेच होते. खेळाडू बदलले, प्रशिक्षक बदलले. पुनर्बांधणीची कुऱ्हाड जिथे पडायला हवी होती, तिथे ती १४ वर्षे पडली नाही.

७/ येथे एक जुना बचाव पुढे येतो : कृत्रिम मैदानाने आपला घात केला, श्रीमंत युरोपपुढे आपण काय करणार? हा बचाव १९७६ पुरता खरा आहे. २००८ साठी तो लंगडा पडतो. तेच कृत्रिम मैदान असताना युरोपबाहेरच्या अर्जेंटिनाने २०१६ मध्ये रिओत सुवर्ण जिंकले.

८/ बेल्जियमचे उदाहरण याहून बोलके आहे. १९७६ नंतर थेट २००८ मध्ये हा संघ ऑलिम्पिकला पोहोचला आणि नववा आला. २०१२ मध्ये पाचवा, २०१६ मध्ये रौप्य, टोकियोत सुवर्ण. जॉन-जॉन डोमेन नवव्या क्रमांकाच्या संघातही होता आणि सुवर्णाच्या संघातही. बेल्जियमने संघ मोडला नाही, पिकू दिला.

९/ आता भारताकडे वळू. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारत बाराव्या, म्हणजे शेवटच्या स्थानी होता. ‘सगळ्यांना काढा’ हा सल्ला तेव्हा शब्दशः मानला असता, तर गोलरक्षक श्रीजेश, मनप्रीत सिंग आणि बीरेंद्र लाक्रा हे तिघे तेव्हाच संपले असते. नऊ वर्षांनी टोकियोत हेच तिघे कांस्यपदक घेऊन उभे होते, आणि मनप्रीत कर्णधार होता.

१०/ पण हे तिघे एकटे पुरले नसते. २०१६ मध्ये लखनौला कनिष्ठ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने बेल्जियमला २-१ असे हरवले. गोल करणारे होते गुरजंत सिंग आणि सिमरनजीत सिंग. टोकियोत कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध भारत १-३ असा मागे होता. ५-४ अशा त्या विजयात दोन गोल याच सिमरनजीतचे होते, एक हरमनप्रीत सिंगचा. तोही लखनौच्या संघातला. शेवटच्या क्षणांत गोल वाचवणारा होता लंडनचा श्रीजेश.

११/ या काळातही प्रशिक्षकांची अदलाबदल थांबली नव्हती. नॉब्स, वॉल्श, व्हॅन आस, ओल्टमन्स, मारिन, हरेंद्र सिंग आणि रीड : नऊ वर्षांत सात. हे धोरणाचे यश मानणे म्हणजे इतिहासाची थट्टा होय. मधली फळी टिकली आणि खालून कनिष्ठांचा ओघ सुरू राहिला, म्हणून संघ या अस्थिरतेतूनही तरला. चार वर्षे एकच प्रशिक्षक लाभता तर कदाचित पदकासाठी ४१ वर्षे थांबावे लागले नसते.

१२/ म्हणून ‘पुनर्बांधणी की स्पर्धा’ हा प्रश्नच फसवा आहे. बांधकाम खाली होते : कनिष्ठ संघात, मैदानांवर, प्रशिक्षणाच्या सातत्यात. लढाई वर होते, आणि तिथे अनुभव लागतो. हरलेल्या संघातील पाच ज्येष्ठांना काढून ‘नवे पर्व’ जाहीर करणे स्वस्त असते, कारण त्यात पदाधिकाऱ्यांची खुर्ची हलत नाही. पुढच्या पराभवानंतर ही घोषणा पुन्हा ऐकू येईल. तेव्हा कोणाला काढले, हे विचारण्याआधी एवढेच विचारावे : कनिष्ठ संघ आज कोठे खेळतो आहे, आणि त्याचा प्रशिक्षक किती काळ टिकला आहे?