विश्लेषण : व्हिंटेज स्पोर्ट्स कारला सुपरचार्जर लावल्यास ‘व्हीए’ नंबर मिळेल?

पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नोंदणी नियम आणले. आता पेट्रोलमधील इथेनॉल २० टक्क्यांवर गेल्याने जुन्या इंजिनांचे ट्यूनिंग नव्याने करावे लागते. ‘इंजिन उघडलेच आहे, तर ताकदही वाढवू’ हा मोह मात्र महागात पडू शकतो.

नियम काय सांगतो?

पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली दुचाकी किंवा चारचाकी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. गाडी भिवंडी तालुक्यातील दिघाशीच्या शेडमध्ये असो वा मुंबईच्या गॅरेजमध्ये, नियम हाच. रॅली, प्रदर्शन, संशोधन, इंधन व देखभालीसाठीच ती रस्त्यावर आणता येते.

ट्यूनिंग आणि सुपरचार्जिंगमध्ये फरक काय?

टॅपेट, सीबी पॉइंट, इग्निशन टायमिंग व कार्बोरेटर जुळवणे म्हणजे ट्यूनिंग. इंजिन मूळचेच राहते. सुपरचार्जर मात्र इंजिनच्याच फिरत्या शक्तीवर चालून सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो. जादा हवेसोबत जादा पेट्रोल जळते आणि ताकद वाढते. हा सरळसरळ इंजिनातील बदल ठरतो.

जुने इंजिन ते सोसते?

दाब आणि उष्णता वाढली की नॉकिंग होते. पिस्टन, हेड गॅस्केट व बेअरिंगवर ताण येतो. बेंटलीच्या साडेचार लिटर इंजिनाला सुपरचार्जर लावण्यास डब्ल्यू. ओ. बेंटली यांचाच विरोध होता. १९३० च्या ल मां शर्यतीत सुपरचार्जरवाल्या दोन्ही ‘ब्लोअर’ गाड्या बंद पडल्या. जिंकली ती सुपरचार्जर नसलेली बेंटली स्पीड सिक्स.

इथेनॉलने काय बदलले?

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५. जुना कार्बोरेटर हे प्रमाण आपोआप बदलत नाही. मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि इंजिन तापते. त्यावर सुपरचार्जर लावला, तर धोका आणखी वाढतो.

मालकाने काय करावे?

मोठा जेट, इथेनॉल सोसणारे रबरी पाइप आणि सील, योग्य टायमिंग एवढ्याने बहुतेक काम भागते. कारखान्यातूनच सुपरचार्जर लागून आलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. तिचे तेच मूळ रूप. इतरांनी सुपरचार्जर लावल्यास वाढलेल्या ताकदीच्या बदल्यात ‘व्हिंटेज’ हा दर्जाच गमवावा लागू शकतो.