तेव्हा विमानं हलली, आता गावं हलतात

विमानतळाचा विषय निघाला की हल्ली एकच भाषा कानावर येते. विकास पाहिजे ना, मग जमीन सोडा. सोडत नसाल तर तुम्ही मागासलेले. असं बोलणाऱ्यांना मला जुहूचा विमानतळ दाखवायचाय. आत्ताचा नव्हे, नव्वद वर्षांमागचा.

नागरी विमानांसाठी देशातला पहिला विमानतळ म्हणून जुहूचं नाव घेतात. साल 1928. जागा कसली, तर समुद्राकाठची चिखलवट. पुढं टाटांची टपालसेवा तिथं आली, तिचं ठाणं म्हणजे झावळ्यांनी शाकारलेलं एक खोपटं. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पुस मॉथ नावाचं एका इंजिनाचं विमान घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. टपाल होतं 25 किलो, म्हणजे बियाण्याच्या एका पिशवीएवढं. पुढं नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे ते मद्रासला नेलं. अहमदाबादला विमानात जे पेट्रोल ओतलं, त्याचे डबे बैलगाडीतून आले होते. पुस्तकात फोटो वैमानिकाचा असतो, बैलांचा नसतो. ज्या बैलगाडीला तुम्ही मागासलेपणाची खूण म्हणता, तिनंच त्या दिवशी विमानाला पाणी पाजलं, एवढं ध्यानात असू द्या.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. पाऊस लागला की जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं. मग टाटांच्या लोकांनी काय केलं? समुद्र बुजवला? डोंगर फोडून भराव घातला? काही नाही. विमानं, वैमानिक, मेस्तरी, सगळं बिऱ्हाड उचललं आणि पुण्याला आणलं. येरवड्याच्या जेलशेजारच्या मैदानावर पावसाळा काढला. आपले धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या आत घाट चढून माघारी येतात. त्या विमानांनी तेच केलं. जमीन जशी आहे तशी मानली आणि आपण सरकले.

यात त्यांचं काही बुडालं का? पहिल्या वर्षात दहा टनांच्या आसपास टपाल वाहिलं, 155 उतारू नेले, वर नफाही कमावला. वक्तशीरपणा तर असा, की सरकारी खात्यानं वाखाणला. तेही घाटातल्या पावसात, विमानात रेडिओ नसताना.

आता कुणी म्हणेल, बाबा, ती खेळण्याएवढी विमानं. आजच्या विमानाला तीन-तीन किलोमीटर धावपट्टी लागते. कबूल. मीही एस्टीतून उतरून विमानात बसणाऱ्या पोरांचा बाप आहे, मला विमानाचं वावडं नाही. पण धावपट्टी लांबली म्हणून जमिनीला विचारायची रीत का तुटावी? नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठवली. पुरंदरला अंजिराच्या अन् सीताफळाच्या बागांवर आखणी झाली आणि लोकांना वर्षानुवर्षं रस्त्यावर यावं लागलं. तेव्हा पावसापुढं विमान हललं. आता विमानापुढं गाव हलतं, नदी हलते. ह्याला प्रगती म्हणायचं असेल तर म्हणा, पण जुहूच्या नावानं म्हणू नका.

मोबदल्याचा आकडा वाढवून हा प्रश्न मिटत नाही. पैशानं दुसरीकडं जमीन येईल, पण पाणी लागलेली विहीर, फळाला आलेली बाग आणि बांधाला बांध लावून बसलेला शेजार येत नाही. आमचं मागणं साधं आहे. जागा ठरवणाऱ्या साहेबानं उन्हाळ्यात ड्रोन उडवून मोकळं होऊ नये. आषाढात यावं, चप्पल हातात घेऊन शिवार चालावं, पाणी कुठून येतं, कुठं जातं ते बघावं. जिथं कमी घरं उठतील, कमी बागा तुटतील अशी जागा आधी शोधावी, आणि ती का चालत नाही हे ग्रामसभेत उभं राहून सांगावं. त्यानंतरच आमच्या सातबाऱ्याला हात घालावा.