संकेतस्थळाचें पत्रक कोणाच्या प्रश्नाचें ?

गेल्या आंब्याच्या हंगामानंतर आमच्या परिचयाचे एक बागाईतदार एक छापील कागद घेऊन आमच्याकडे आले. पनवेल तालुक्यांतील कांहीं शेतकऱ्यांनीं मिळून तांदूळ, वाल व हापूस आंबा थेट गिऱ्हाइकांस विकण्यासाठीं संकेतस्थळ उघडलें आहे. त्याचें तें मासिक पत्रक होतें. किती माणसें आलीं, किती पानें पाहिलीं गेलीं, माणसें सरासरी किती वेळ थांबलीं, कोणत्या शहरांतून आलीं, असे रकाने रंगीत आलेखांसह भरलेले होते. आंकडे महिन्यागणिक चढत होते व मंडळी संतुष्ट होती. आम्हीं इतकेंच विचारलें कीं, 'पेट्या किती गेल्या ?' तें त्या कागदावर नव्हतें. त्यांनीं खिशांतून वही काढली. तींतही अर्धेंच होतें. आणि पुढच्या हंगामांत जाहिरातीवर रक्कम खर्च करण्याचा ठराव मात्र ह्याच कागदाच्या आधारें सभेपुढें यावयाचा आहे.

आमचें उभें आयुष्य मुलकी खात्यांत पत्रकें भरण्यांत गेलें. शिक्षण मराठी सातवीपलीकडे नाहीं, व संगणकाची विद्या अलीकडे पुतण्याकडून जी मिळाली तेवढीच. तथापि पत्रक म्हणजे काय, हें आम्हांस थोडेंबहुत कळतें. प्रत्येक पत्रकाच्या पाठीमागें एक प्रश्न असतो, व तो कोणा तरी माणसाचा असतो. तलाठ्याच्या दप्तरांतील २१ गांव-नमुने सरकारास पडणाऱ्या प्रश्नांवरून बेतलेले आहेत : जमीन कोणाची, सारा किती, पीक कोणतें. पैसेवारी घ्या. ती ५० पैशांखालीं आली म्हणजे टंचाईच्या सवलतींचा विचार होतो, व तेवढ्यासाठीं तो आंकडा उपयोगी आहे. परंतु भात लावून आपणांस दोन पैसे सुटले कीं नाहीं, हें पाहण्यास कोणी शेतकरी पैसेवारीचें पत्रक उघडीत नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणींत शेतकऱ्यानें स्वतःच्या मोबाईलवरून पिकाची नोंद करावी असें झालें. लेखणी आपल्या हातीं आली, हें चांगलें झालें. रकाने मात्र सरकारचेच राहिले.

संकेतस्थळाची गोष्ट याहून निराळी नाहीं. गूगल अॅनालिटिक्स म्हणून जें साधन पुष्कळ लोक वापरतात, तें वर्तमानपत्रास, कापडाच्या पेढीस, शाळेस व आंबेवाल्यास एकच आहे. त्याचीं तयार पत्रकें सर्वांस थोडथोडीं लागू पडतील अशीं केलेलीं आहेत. त्याच साधनांत आपल्या धंद्यापुरते रकाने आपण आंखून घेण्याचीही सोय आहे. परंतु तिकडे कोणी वळत नाहीं, ही आमची तक्रार.

शहरांचा रकानाच पाहा. वरील कागदावर बहुतेक गिऱ्हाइकें मुंबईचीं दाखविलीं होतीं, व म्हणून जाहिरात मुंबईस करावी असें मंडळींचें मत पडलें. आतां हें साधन ठिकाण ओळखतें तें इंटरनेटच्या जोडणीवरून, अंदाजानें. कामोठ्यांत किंवा खांदा वसाहतींत बसून मोबाईल पाहणारा मनुष्य मुंबईचा म्हणून नोंदला जाणें सहज शक्य आहे. ज्या खाचरांत आपल्या वडिलांनीं भात झोडलें तेथें सिडकोच्या वसाहती उभ्या राहिल्या. आपला तांदूळ घेणारीं घरें तींच. आणि आपल्या पत्रकांत तीं परगांवचीं ठरावीं, हा विनोद आम्हांस रुचला नाहीं. पेटी कोठें पोंचवावयाची हें गिऱ्हाईक मागणी नोंदवितांना स्वतःच सांगतें. त्यांतील वसाहतीचें नांव तेवढें घेऊन तो रकाना मुद्दाम जोडावा. गिऱ्हाइकाचें नांव व फोन मात्र ह्या साधनांत घालूं नयेत. गूगलचा तसा नियमच आहे, आणि २०२३ सालीं आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे.

दुसरा फसवा रकाना 'थेट आलेल्यां'चा. व्हॉट्सअॅपवरून कोणीं दुवा पाठविला व तो दाबून गिऱ्हाईक आलें, तर तें कोणामुळें आलें हें साधनास बहुधा कळत नाहीं व तें थेट आलें असें मांडलें जातें. यास उपाय आहे. प्रत्येक बागेच्या पेटीवर जसा निराळा मार्का मारतात, तशी प्रत्येक सभासदाच्या दुव्यास निराळी खूण जोडतां येते. मग कोणाच्या शब्दावर माल गेला हें दिसूं लागतें, आणि जाहिरातीवर खर्च करावा कीं चार बोलक्या सभासदांस हंगामांत भत्ता द्यावा, याचा निर्णय करण्यास आधार मिळतो.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपण स्वतः आंखलेल्या पत्रकास जो कच्चा तपशील लागतो, तो हें साधन, आपण कांहीं न सांगितल्यास, दोनच महिने जपतें. तयार गोषवारे पुढेंही राहतात. परंतु एप्रिलांत बसून मागील एप्रिलाचा आपल्या रकान्यांनीं हिशेब मागाल, तर मिळणार नाहीं. ही मुदत १४ महिन्यांची करून घेतां येते. त्यास पैसा पडत नाहीं, पण गेलेला तपशील परत येत नाहीं. दुकानदारास दोन महिने पुरत असतील. ज्याचें पीक वर्षांतून एकदां येतें त्यास ते काय कामाचे? चौदा महिन्यांत मागची अक्षय्यतृतीया व यंदाची अक्षय्यतृतीया शेजारीं मांडतां येतात. मध्यें अधिक मास आला तरीही. आणि तेवढ्यावरही विसंबूं नये. ह्याच साधनाच्या जुन्या पद्धतीनें नोंद घेणें १ जुलै २०२३ पासून थांबविण्यांत आलें व पुढल्या वर्षीं तींतील जुने आंकडे पाहणेंही बंद झालें. ज्यांनीं नक्कल काढून ठेविली होती त्यांचे वांचले. आम्ही तर दरमहा पत्रकाची प्रत काढून दप्तरास लावण्याच्या मताचे आहों.

फोनवरील विक्रीचें काय, असें वाचक विचारतील. पुष्कळ गिऱ्हाइकें पान पाहतात व सौदा बोलून करितात. फोनचा आंकडा किती वेळां दाबला गेला, हें तशी व्यवस्था केल्यास मोजतां येतें. पण पेटी गेली कीं नाहीं हें वहीसच ठाऊक. तसेंच, तेंच गिऱ्हाईक दुसऱ्या मोबाईलवरून आलें तर साधन त्यास बहुधा नवीनच समजतें. म्हणून वही व पत्रक यांचा ताळा दरमहा घातलाच पाहिजे. हें काम कंटाळवाणें आहे.

आमच्या स्नेह्यांबरोबर बसून आम्हीं एक नमुना तयार केला आहे. रकाने पांचच : वसाहत, माल, कोणाच्या दुव्यावरून, पेट्या अथवा किलो, आणि आंबा नेणारानें पुढें तांदूळ मागितला कीं नाहीं. ह्या शेवटच्या रकान्याकडे आमचें विशेष लक्ष आहे. आंब्याचा हंगाम थोड्या दिवसांचा. तांदूळ घरांत बारा महिने लागतो. आंब्यामुळें आलेलें घर तांदळासाठीं टिकत असेल तर जाहिरातीचा खर्च आम्हांसही मान्य आहे. टिकत नसेल, तर ती रक्कम कोठारावर घालणें बरें, असें आमचें मत. नुसत्या येजाच्या आंकड्यांनींही नांव होतें, असें कांहीं तरुण सभासदांचें म्हणणें आहे. होत असेल, पण त्यावर पेट्यांचें भाडें भागत नाहीं.

ठरावाची सभा होळीपूर्वीं आहे. गेल्या हंगामांत ज्यांनीं फोनवर माल विकला त्यांनीं आपापल्या वह्या बरोबर आणाव्या. अर्धवट भरलेल्या असल्या तरी चालतील.