मधल्या पायरीचं दुखणं

अमेरिकेत लास वेगासच्या झॅपोस या ऑनलाइन बूट विकणाऱ्या कंपनीने मॅनेजरची पदंच रद्द केली. 'होलॅक्रसी' नावाची स्वयंव्यवस्थापनाची पद्धत तिथे 2013 पासून येत होती. मार्च 2015 मध्ये प्रमुख टोनी शे यांनी सर्वांना कळवलं की हे मान्य नसेल त्यांनी किमान तीन महिन्यांचा पगार घेऊन जावं. सुमारे 14 टक्के लोक गेले. गेलेले सगळेच मॅनेजर नव्हते, पण पाय अडकले ते मधल्या फळीचेच.

याला 'बदलाची भीती' म्हणून मोकळं होणं आम्हाला आळशीपणाचं वाटतं. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध असमानतेचं मर्म सांगितलं आहे: मधल्या प्रत्येक पायरीला खाली कुणीतरी मिळतं, म्हणून ती पायरी सगळी उतरंड सांभाळते. रजा मंजूर करणं, अप्रेझलमध्ये गुण देणं, साहेबांच्या मीटिंगला बसणं, एवढीच ती मिळकत; पण ती सोडवत नाही. (मॅनेजरकी म्हणजे जात नव्हे, तिचा राजीनामा देता येतो. तुलना इथवरच.)

तरीही हा विरोध निव्वळ स्वार्थाचा नाही. झॅपोसची मालकी 2009 पासून अॅमेझॉनकडे. तिला कुणी हात लावला नाही. मधल्या पायऱ्या काढल्या, गच्ची मालकाकडेच राहिली. मधल्या माणसाला हे दिसतं, आणि घराचा हप्ताही दिसतो. नेदरलँड्समधल्या ब्यूर्टझोर्ग या घरी जाऊन रुग्णसेवा देणाऱ्या संस्थेत जास्तीत जास्त 12 जणांचे नर्सांचे गट ड्युट्या, भरती स्वतःच ठरवतात. तिथे हे भांडण झालं नाही, कारण 2006 मध्ये संस्था निघाली तीच मॅनेजरशिवाय.

हे सगळं इथे सांगायचं कारण, आपली पोरं-पोरी घराण्यात पहिल्यांदाच टीम लीडच्या खुर्चीवर पोचताहेत, आणि 'आम्ही फ्लॅट आहोत' म्हणणाऱ्या कंपन्या त्यांनाही भेटणार आहेत. जाहीर नेता नसलेल्या गटात लपलेलं टोळकं राज्य करतं, हे जो फ्रीमन यांनी अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती गटांबद्दल 1970 च्या दशकातच दाखवलं. आपल्याकडे ते टोळकं कॉलेज, डबा आणि आडनाव बघून जमतं. पदाचा अधिकार निदान लिहिलेला असतो, त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते. टोळक्याविरुद्ध अर्ज कुणाकडे द्यायचा?

होलॅक्रसीत एक गोष्ट आम्हाला पटते: तिची लेखी घटना असते आणि प्रमुखाला आपला अधिकार सोडल्याची सही तिच्यावर करावी लागते. तेव्हा मित्रांनो, तुमच्या ऑफिसात पदं उठवायची घोषणा झाली तर टाळ्या किंवा बहिष्कार नंतर. आधी पगार कोण ठरवणार, तक्रार कोण ऐकणार, कामावरून कोण काढू शकणार, हे कागदावर मागा.